चित्रेला कणीस म्हटलं म्हणून

नमस्कार. चित्रा या ताऱ्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की चित्रा हे नाव आपलं, बाकीच्यांनी ते आपल्याकडूनच उचललं, तरी मी सुरुवात बॅबिलोनपासून केली. आणि चाळीस वर्षांत चित्रा तुम्हाला कधी बदललेली दिसली नाही, मग मी तिला रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारी, का म्हटलं?

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे मी कमी पडलो. 'रूपविकारी तारा' एवढंच लिहून पुढे गेलो. वाचणाऱ्याला वाटणारच, की फरक डोळ्यांना दिसायला हवा. तो दिसत नाही. चित्रा म्हणजे मुळात दोन निळसर-पांढरे तारे, सुमारे २५० प्रकाशवर्षं दूर. साधारण चार दिवसांत ते एकमेकांभोवती फेरी पुरी करतात, आणि इतके जवळ आहेत की परस्परांच्या ओढीने लांबट झालेत. एक अंडं हातात धरून फिरवून बघा. कधी रुंद बाजू समोर येते, कधी टोक. मुख्यतः तेवढ्यानेच प्रकाश काही टक्के कमीजास्त होतो, आणि तो मोजायला उपकरण लागतं. दोन तारे आहेत हेसुद्धा १८९० मध्ये जर्मनीत फोगेल या खगोलशास्त्रज्ञाने तिच्या वर्णपटातल्या (प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगपट्ट्यातल्या) रेषा मागेपुढे सरकताना पाहून ओळखलं. तुम्ही चाळीस वर्षं जे पाहिलंत ते बरोबरच पाहिलंत. लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलं आहे.

नावांबद्दल मात्र मी ठाम आहे: ती सगळी आपल्याकडून उचललेली नाहीत. नाव उसनं घेतलं की त्याचा अर्थही थोडाफार सोबत येतो. बॅबिलोनी लोकांनी या जागेला नांगराचं तास, म्हणजे नांगरटीची चरी, म्हटलं, तिथल्या देवीच्या हाती कणीस दिलं. ते कणीस पुढे ग्रीकांकडे आणि रोमनांकडे गेलं; 'स्पायका' म्हणजे कणीसच. ही देवघेव खरी. पण चिनी लोकांना तिथे ड्रॅगनचं शिंग दिसलं, आणि त्यांच्या २८ नक्षत्रांची मोजणी तिथूनच सुरू होते. अरबांनी स्वाती आणि चित्रा दोघींना 'सिमाक' हेच नाव दिलं: स्वाती 'भालेवाला सिमाक' आणि चित्रा 'निःशस्त्र सिमाक', कारण हिच्याजवळ भाला म्हणावा असा तारा नाही. मला हे नाव फार आवडतं. आपली चित्रा म्हणजे झळाळणारी, देवता त्वष्टा, रूपं घडवणारा कारागीर. तिच्यात ना तास, ना शिंग, ना भाला.

'इतरांची नावं दिली की आपलं महत्त्व कमी होतं' हे तुमचं वाक्य मला लागलं. अहो, आपला चैत्रच चित्रेवरून आलाय! हनुमान जयंतीच्या रात्री चंद्र तिच्या आसपासच असतो. आणि पंचांगातले अयनांश, म्हणजे संपातबिंदू किती अंश सरकला तो आकडा? टिमोकारिस या ग्रीक ज्योतिर्विदाने चित्रा शरद संपातापासून (सप्टेंबरात सूर्य खगोलीय विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून) ८ अंशांवर मोजली होती. दीडेकशे वर्षांनी हिप्पार्कस या दुसऱ्या ग्रीकाला ती ६ अंशांवर सापडली आणि अयनचलन, म्हणजे संपातबिंदूंचं हळूहळू सरकणं, त्याच्या ध्यानात आलं. आपल्या चित्रापक्षीय, म्हणजे चित्रेला आधार मानणाऱ्या, पंचांगांचे अयनांशही याच ताऱ्यावरून धरलेले. दोघांनी खुंटी एकच ठोकली.

शेवटी तुम्ही विचारलंत, की ऑक्टोबरात चित्रा नक्षत्र लागतं, पाऊसही त्याच नावाने ओळखतात, मग तेव्हा तारा का सापडत नाही? कारण सूर्यच तिथे असतो, त्याच्या उजेडात ती बुडते. नोव्हेंबरच्या मध्याला पहाटे पूर्वेकडे बघा, क्षितिजावर परत आलेली असेल.