"त्या पाण्याने नको"

संध्याकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहून मोकळी होते, कारण दुसरं काही सुचत नाहीये.

भाची सहावीत आहे. विज्ञानाच्या वहीत तक्ता होता, एका बाजूला ऊर्जेचे स्रोत आणि दुसऱ्या बाजूला 'कशाचे प्रदूषण होते?'. कोळशासमोर तिने लिहिलं, 'हवा आणि पाणी'. त्यातल्या 'आणि पाणी'वर लाल पेनाची काट. अर्धा गुण गेला. जलविद्युतसमोर तिने शिकवल्याप्रमाणे 'काहीही नाही' लिहिलं, त्यावर बरोबरची खूण. पोरगी रडवेली होऊन मला विचारते, "मावशी, पण तूच सांगितलं होतंस ना?"

हो, मीच सांगितलं होतं. आणि मला ते पुस्तकातून कळलं नव्हतं.

बाबा औष्णिक वीज केंद्रात होते, ॲश हँडलिंगला. बॉयलरमधली राख पाण्यात कालवून पाइपातून लांबच्या राखेच्या बंधाऱ्यात सोडायची, हे त्यांच्या खात्याचं काम. मी आठ वर्षांची असताना एका सुट्टीला हट्ट करून त्यांच्यासोबत तिथे गेले. समोर राखाडी मैदानच. वरचा पापुद्रा वाळून भेगाळलेला. मला वाटलं जमीन आहे. पळाले, आणि तिसऱ्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. गार, पिठासारखं मऊ, आणि ओढावं तसं आणखी आवळणारं. बाबांनी काखेत हात घालून मला उपसून काढलं. पाय आला, चप्पल आतच राहिली.

शेजारून बंधाऱ्यातलं निवळलेलं पाणी चरातून वाहत होतं. तळ दिसावा इतकं नितळ. मी पाय धुवायला वाकले, तर बाबांनी दंड धरून मागे खेचलं. "त्या पाण्याने नको." आणि स्वतःची प्यायच्या पाण्याची बाटली माझ्या पायावर रिकामी केली. शिफ्टवर असल्यासारखे गंभीर होते. तो चर पुढे ओढ्याला मिळत होता.

ज्या माणसाचं घर त्या केंद्रावर चालत होतं, तो स्वतःच्या लेकीचा पाय त्या पाण्यात बुडू देईना. मला आणखी कुठला पुरावा लागतो सांगा.

कोळशात आर्सेनिक, पारा, शिसं, सेलेनियम हे सगळं कणाकणाने असतंच. कोळसा जळून जातो, ही विषं जळत नाहीत. थोडी धुरावाटे जातात, बाकीची राखेत एकवटतात. आणि ती राख आपण वर्षानुवर्षं पाण्यात भिजत ठेवतो, कितीतरी ठिकाणी खाली अस्तरसुद्धा न घालता. झिरपणार नाही तर काय होणार? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या बेलूज लेकमध्ये 1970 च्या दशकात राखेच्या तळ्यातलं पाणी सोडत होते. सेलेनियम माशांच्या अंड्यांत उतरलं, पिल्लं वाकड्या कण्याची निपजली, आणि 20 जातींपैकी 19 जाती त्या तलावातून संपल्या. त्या तलावाच्या काठावरही कुणी लहान मूल पाय धुवायला वाकलं असेल.

हे झालं हळूहळू होणारं. 22 डिसेंबर 2008 च्या मध्यरात्री टेनेसीतल्या किंग्स्टनला बंधाराच फुटला. सुमारे 40 लाख घनमीटर राखेचा चिखल 300 एकरांवर आणि एमरी नदीत पसरला. साफसफाईला गेलेले कामगार पुढे आजारी पडले, कोर्टात गेले. आणि माझ्या भाचीच्या वहीत कोळशाने पाणी खराब होत नाही!

खाणींचं तर विचारूच नका. खाण बंद झाली, माणसं निघून गेली, तरी उघड्या पडलेल्या खडकातल्या पायराइटला (गंधक आणि लोखंडाचं खनिज) पाणी आणि हवा लागून गंधकाम्ल तयार होतच राहतं. पेनसिल्व्हेनियात असे ओढे आहेत ज्यांचा तळ नारिंगी झालाय. खाणी केव्हाच्या बंद आहेत, ओढे अजून नारिंगीच.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती 'आता धूर स्वच्छ झाला' या शब्दांची. धुरातलं गंधक काढायला धुराला चुनखडीच्या पाण्याने धुतात. चांगलंच आहे, काढायलाच हवं, कोळशाच्या धुराने माणसं मरतात हे मी नाकारत नाही. पण ते धुतलेलं पाणी कुठे जातं? धुरातला पारा, सेलेनियम आता त्या पाण्यात आहे. ते पाणी वेगळं शुद्ध केलं नाही, तर आपण फक्त आभाळातली घाण उचलून ओढ्यात नेऊन ठेवली. चिमणी सगळ्यांना दिसते, तिचा फोटो निघतो. चर कोण बघायला जातो? बाबांसारखी माणसं जातात, आणि ती बोलत नाहीत.

आणि ते जलविद्युतचं 'काहीही नाही'. नवं धरण भरलं की माती आणि झाडझाडोरा पाण्याखाली कुजतो, मिथेन सुटतो, आणि कुजवणारे जिवाणू मातीतल्या पाऱ्याचा मिथाइल पारा, म्हणजे त्याचं आणखी विषारी रूप, करतात. तो माशांत साठतो. कॅनडात क्वेबेकमधल्या ला ग्रांदच्या जलाशयांत माशांमधला पारा कित्येक पटींनी वाढला आणि तिथल्या क्री आदिवासींना आपलेच मासे मोजून खायची वेळ आली. यासमोर 'काहीही नाही' लिहून गुण मिळतो.

आता कुणीतरी म्हणेलच, की सौर पॅनलला आणि बॅटऱ्यांनाही खाणी लागतात, लिथियमसाठी अटाकामाच्या वाळवंटात जमिनीखालचं खारं पाणी उपसतात. मान्य. त्यांच्यासमोरही तक्त्यात 'पाणी' लिहा, माझी हरकत नाही. राखेचं सिमेंट होतं, विटा होतात, हेही मान्य. त्याच केंद्राच्या विजेखाली बसून मी शिकले हे तर मला कुणी सांगायलाच नको.

एवढं लिहून जरा शांत झालेय. त्या बाईंवर माझा राग नाही खरं तर. चाळीस-पन्नास वह्या, हातात उत्तरसूची, आणि उत्तरसूचीत 'हवा' एवढंच छापलेलं. त्यांना कुणी चराजवळून मागे ओढलं नसणार. पण ज्या पोरीने कुणी न विचारता एक शब्द जास्त लिहिला, तिचा तोच शब्द खोडला गेला, हे मला गिळवत नाही.

तासाभरापूर्वी बाबांना वही दाखवली. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "चप्पल निळी होती ना तुझी?" मला रंग आठवतसुद्धा नव्हता. त्यांना आठवत होता.

मी विचारलं, "बाबा, त्या चराचं पाणी पुढे कुठे जायचं?"

"ओढ्याला." थोडा वेळ गप्प. "पुलाखाली बायका कपडे धुवायच्या. पोरं डुंबायची. मी रोज पुलावरून सायकलने जायचो. हात करायची ती पोरं मला. एकालाही म्हणालो नाही, त्या पाण्याने नको म्हणून."

मला काय बोलावं सुचलं नाही. ते वही मिटून तिच्यावर हात ठेवून बसले होते.

उद्या शाळेत जाऊन बाईंना भेटणार आहे, असं मी म्हणाले.

"किती वाजता?" बाबांनी विचारलं. "मी पण येतो."