मेणाच्या डागावर उकळतं पाणी आणि कडक इस्त्री? त्या मेसेजचं एकेक वाक्य तपासू

दिवाळी जवळ आली की घरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. थोडक्यात असा: कपड्यावर मेण सांडलं तर लगेच उकळतं पाणी ओता, तरी राहिलं तर वर वर्तमानपत्र ठेवून कडक इस्त्री फिरवा, रंग उरला तर लिंबू-मीठ किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चोळा, शेवटी मशीनमध्ये गरम पाण्यात धुऊन टाका. "कोणतंही कापड असो, पाच मिनिटांत डाग गायब!"

यात खरं एवढंच, की मेण उष्णतेनं वितळतं. पण वितळलेलं मेण जाणार कुठे, हा प्रश्न मेसेज लिहिणाऱ्याला पडलेला नाही. त्याला शोषून घेणारं काही समोर नसेल तर ते धाग्यांतच पसरतं. वर ओघळलेला थेंब निदान खरवडता येतो, धाग्यात मुरलेलं मेण खरवडता येत नाही.

"लगेच उकळतं पाणी ओता"

लगेच करायची गोष्ट उलटी आहे: हात न लावणं. ओलं मेण पुसायला गेलात की रुपयाएवढा डाग बशीएवढा होतो. मेण पूर्ण थिजू द्या. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून डागावर १०–१५ मिनिटं ठेवा, किंवा कपडा पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये. बर्फ थेट कापडावर ठेवू नका. रेशमावर पाण्याचा डाग पडतो आणि तो आणखी एक उपद्व्याप होतो. गार मेण ठिसूळ होतं. कापड डागाच्या दोन्ही बाजूंनी दुमडून थोडं हलवलं की त्याचे तुकडे पडतात. उरलेलं चमच्याच्या कडेनं किंवा जुन्या एटीएम कार्डानं, धाग्याच्या दिशेनं काढा. सुरी नको. जरीचं कापड दुमडू नका, जर मोडते. तिथं फक्त कार्ड, तेही आडवं धरून. जाड थेंब असेल तर बहुतेक मेण या पायरीतच निघतं.

उकळत्या पाण्याच्या बाजूनं एक मुद्दा नेहमी येतो: बाटिकवाले, म्हणजे कापडावर मेणानं नक्षी झाकून ते रंगवणारे, मेण उकळूनच काढतात की. काढतात, उज्जैनजवळच्या भेरूगढला किंवा कच्छमधल्या मुंद्र्याला बाटिकचं काम चालतं तिथं तीच रीत आहे. पण ते डागावर तांब्याभर पाणी ओतत नाहीत. अख्खं कापड मोठ्या भांड्यात, भरपूर उकळत्या पाण्यात बुडवून हलवत ठेवतात. मेण पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं आणि काढून घेतलं जातं. पाणी निवत ठेवून त्यात कापड तसंच राहिलं तर तेच मेण परत कापडावर बसेल. शिवाय ते कापड सहसा सुती, आणि उकळणं सोसेल अशा रंगाचं असतं. तुम्ही ओतलेलं पाणी कापडातून जाताजाताच गार होतं, मेण दोन इंच पुढं सरकून पुन्हा थिजतं. उरलेलं सिंकच्या पाइपमध्ये जाऊन बसतं, ते वेगळंच. जाड, पांढऱ्या सुती चादरीवर हा उपाय एखाद वेळ चालून जाईल. करायचाच तर बादलीवर करा, मोरीवर नको.

"वर्तमानपत्र ठेवून कडक इस्त्री"

इथं कल्पना बरोबर आहे, कारण कागद मेण शोषतो. चुकीचा आहे तो कागद आणि चुकीचं आहे ते तापमान.

वर्तमानपत्राची शाई तेलात कालवलेली असते. वितळलेलं मेण ती सहज सोडवून घेतं, आणि पांढऱ्या कुर्त्यावर बातमीचा उलटा ठसा उमटतो. काजळीचा काळा रंग मेणापेक्षा चिवट असतो. साधा टिश्यू, टीपकागद, न छापलेला खाकी कागद किंवा जुन्या धोतराचा तुकडा वापरा. बटर पेपर मात्र नको. तो मेण शोषतच नाही.

आता तापमान. मेणबत्तीचं पॅराफिन साधारण ५०–६५ अंशांना वितळतं, मधमाशीचं मेण ६२–६४ अंशांना. इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश, तीन ठिपके म्हणजे २००. म्हणजे सगळ्यात कमी सेटिंगलाही काम होतं. कडक इस्त्रीनं मेण जास्त निघत नाही, जास्त पातळ होतं आणि जास्त लांब पळतं.

पद्धत अशी. खाली चार-पाच पदरी कागद, त्यावर कपडा डागाची बाजू खाली करून, वर एक कागद. वाफ बंद, ओला कागद मेण नीट ओढत नाही. इस्त्री फिरवायची नाही, ५–१० सेकंद दाबून उचलायची. खालचा कागद काढून पाहा: मेण उतरलं असेल तिथं तो तेल लागल्यासारखा पारदर्शक दिसतो. दर वेळी कागदाचा कोरा भाग डागाखाली सरकवा. कागदावर डाग उमटणं थांबलं की थांबा. बहुतेक जण नेमका कागद बदलायचा आळस करतात, आणि भरलेला कागद मेण परत कापडाला देतो.

हेअर ड्रायरचाही सल्ला असतो. तो वितळवतो, शोषत नाही. सोडून द्या.

"कोणतंही कापड असो"

सुती, लिनन: वर सांगितलं तसं. पॉलिस्टर: फक्त एक ठिपका, ते जास्त उष्णतेला चकाकतं, चुण्या कायमच्या बसतात. ॲक्रिलिक लोकर आणि मखमल यांच्यावर इस्त्री ठेवूच नका, लव दबली की उठत नाही. पैठणी किंवा कुठलीही जरीची साडी असेल तर थंड करून वरचं मेण काढणं इतकंच घरी करा. आजकालची बरीच जर म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चढवलेला धातूचा मुलामा असतो. ती उष्णतेनं आकसते, आणि काठ गोळा झाला की कुठलाही रफूवाला तो सरळ करून देत नाही.

"लिंबू-मीठ किंवा रिमूव्हर"

मेण आम्लात विरघळत नाही. लिंबू, व्हिनेगर, मीठ, टूथपेस्ट, सगळे इथं निरुपयोगी. लिंबानं कच्चा रंग उडेल, मेण तिथंच राहील. रिमूव्हरमधलं ॲसिटोन मेणावर जवळजवळ काही करत नाही, पण ॲसिटेटचं अस्तर मात्र विरघळवतं. टाल्कम पावडर ओलं तेल ओढते, थिजलेल्या मेणाला तिचा उपयोग नाही. (तेलाच्या पणतीचा डाग असेल तर पावडर जरूर लावा; ते प्रकरण निराळं.)

लाल, हिरव्या मेणबत्तीचा रंग तेलात विरघळणारा असतो, म्हणून इस्त्रीनं तो मेणाबरोबर पसरतो. रंगीत मेणाला आधी इस्त्री नको. थंड करून शक्य तेवढं खरवडा, मग हार्डवेअरच्या दुकानात ऑइलपेंटसाठी मिळणारं मिनरल टर्पेंटाइन घ्या. आधी आतल्या शिवणीवर थेंब लावून कापडाचा रंग सुटतो का पाहा. मग डाग टिश्यूवर उलटा ठेवून मागून कापसानं टिपा. चोळू नका, टिश्यू बदलत राहा. खिडक्या उघड्या, आणि गॅस, निरांजन, उदबत्ती काहीही जवळ पेटलेलं नको. पेट्रोल तर अजिबात नको. कपडा वाऱ्यावर वास जाईपर्यंत वाळवा. त्याआधी मशीन नाही, इस्त्री नाही.

मागे तेलकट सावली राहतेच. तिला भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, मऊ ब्रश, १५ मिनिटं, मग कोमट पाणी. पांढऱ्या सुतीवर रंग उरला तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. रेशीम-लोकरीवर क्लोरीनचं ब्लीच कधीच नाही.

"मशीनमध्ये गरम पाण्यात"

मेण पूर्ण निघण्याआधी टाकलंत तर ते सुटून बाकीच्या कपड्यांना आणि ड्रमला चिकटतं. ड्रायर तर डाग पक्का करतो. आधी कपडा उजेडासमोर धरून पाहा: डागाची जागा अर्धपारदर्शक दिसली तर मेण अजून आत आहे, पुन्हा कागद आणि इस्त्री.

जरीची साडी, मखमल, कोट हे ड्रायक्लीनिंगला द्या, पण स्वतः इस्त्री करून पाहिल्यावर नव्हे, आधी. देताना 'डाग आहे' एवढ्यावर थांबू नका. मेणाचा आहे, मेणबत्ती रंगीत होती का, घरी काय काय लावलंत, हे सगळं सांगा आणि डागाभोवती कच्चा धागा टाकून द्या. नाहीतर गठ्ठ्यात तो दिसत नाही आणि साडी सरळ इस्त्रीखाली जाते.