सेफ्टी लावली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नाही

खंडेनवमीच्या पूजेसाठी परवान्याच्या बंदुका कपाटातून बाहेर निघतात, आणि नेमका त्याच सुमारास ‘घरच्या घरी बंदूक साफ करा’ असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. यंदा तो माझ्या मामांकडे पोचला. मामा सिंधुदुर्गात राहतात. त्यांच्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी आहे, शिवाय आजोबांची जुनी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची. मेसेज पुढे ढकलून त्यांनी खाली लिहिलं, ‘ह्यां वाचलंस काय? बरां लिवलेला आसा.’

मामा, बरं अजिबात लिहिलेलं नाही. मी नेमबाजीच्या रेंजवर नवशिक्यांना हत्यार हाताळायला शिकवते, आणि यातल्या पहिल्याच वाक्याने एखाद्या घरात कुणाचा जीव जाऊ शकतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सेफ्टीची कळ लावा किंवा मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढा, की बंदूक रिकामी समजा. खात्रीसाठी नळी वर करून चाप ओढा. पेट्रोलने धुवा, पाण्याचा थेंबही लावू नका. खोबरेल तेल सढळ हाताने सोडा. आणि नळीचं तोंड गंजलं असेल तर तेवढा तुकडा कापून टाका.

आधी सेफ्टीचं बघू. बाहेर घोडे (चाप ओढल्यावर ठोका देणारे भाग) न दिसणाऱ्या बहुतेक दुनळ्यांमध्ये सेफ्टी फक्त चाप अडवते. आतले घोडे ताणलेलेच राहतात आणि काडतूसही जागच्या जागी असतं. बंदूक आपटली, आतला भाग झिजलेला असला, तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. दुनळी रिकामी आहे हे कळायला एकच मार्ग आहे: ती मोडायची, म्हणजे बिजागरीपाशी वाकवून उघडायची, दोन्ही काडतुसं काढायची, आणि दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहायचं. हे सगळं होईपर्यंत नळीचं तोंड अंगणातल्या मातीच्या बांधाकडे असलं पाहिजे. घराच्या दिशेने नको, आणि दाराकडे तर नकोच, कारण लाकडी दार जवळून आलेला बार अडवत नाही.

मॅगझिनची गोष्ट तर याहून वाईट. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, एक गोळी बसलेली असू शकते, आणि अनेक पिस्तुलं मॅगझिन नसतानाही ती उडवतात. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी मॅगझिन काढायचं, मग वरची सरकती स्लाइड मागे खेचून चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि बोटाने चाचपायचं. हेच उलट केलं, म्हणजे आधी स्लाइड खेचली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर चेंबरमध्ये नवी गोळी चढते आणि आपण मात्र रिकामं केलं या समाधानात राहतो.

ठासणीच्या बंदुकीबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही, आणि कोकणातल्या घरांत तीच जास्त धोक्याची. ती मोडता येत नाही, त्यामुळे आत पाहता येत नाही. वर्षापूर्वीचा बार तिच्यात तसाच ठासलेला असू शकतो. आधी केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, काढा. मग तोंडासमोर न येता, बाजूला उभं राहून दारू ठासायचा गज आत सोडा, नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करा, आणि बाहेर काढून तोच गज नळीला लावून बघा. खूण तोंडाशी धरल्यावर गजाचं टोक केप बसते त्या जागेपर्यंत पोचायला हवं. चार बोटं अलीकडेच थांबलं तर बंदूक भरलेली आहे. मग सळईने उकरत बसू नका, जाणकाराकडे न्या.

चाप ओढून खात्री करण्याबद्दल काय सांगायचं? गोळी असेल तर ती सुटेल, एवढीच ती खात्री. माळ्यावर कुणी झोपलेलं असलं तर? आणि चाप ओढल्याशिवाय काही होत नाही असंही समजू नका. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून घरातच गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली. रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून पडलं, असं त्यांच्या व्यवस्थापकांनी सांगितलं होतं. काही जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट गोळीवर टेकलेला असतो, त्यामुळे नुसता आपटल्यानेही बार होऊ शकतो.

पेट्रोल नको म्हणजे नकोच. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या ज्योतीवर पेटते. नवरात्रात घरात अखंड दिवा तेवत असतो आणि हे लोक त्याच घरात पेट्रोलचा बोळा घेऊन बसायला सांगतात! रॉकेलने पूर्वीचे लोक नळी पुसत आणि त्याने मळ निघतो, हे मान्य. पण तेही दारं-खिडक्या उघड्या ठेवून, ज्योतीपासून लांब.

पाण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. आजच्या काडतुसाच्या बंदुकीला पाणी लागू नये, बरोबर. ठासणीच्या बंदुकीत मात्र काळी दारू जळते, तिची राख हवेतली ओल ओढून घेते आणि आपल्याकडच्या दमट हवेत नळी खायला लागते. ती राख पेट्रोलने विरघळत नाही. त्याला गरम साबणपाणीच लागतं, मग कोरडं फडकं आणि वर तेलाचा पातळ हात.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, हे डिसेंबरच्या सकाळी बाटलीकडे बघितलं तरी कळतं. शिवाय जुनं झालं की ते चिकट होतं. काडतुसावर आदळणारी पिन त्यात पुढेच अडकून बसली, तर काडतूस घालून बंदूक बंद करतानाच बार उडू शकतो. बंदुकीसाठी मिळणारं तेल वापरा, तेही अगदी थोडं. बार उडवण्याआधी नळी कोरडी पुसा, आत चिंधी राहिली नाही ना ते बघा, कारण अडकलेल्या चिंधीने नळी फुगते किंवा फाटते.

आता शेवटचं, नळी कापण्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे त्यासाठीचा परवाना नसताना बंदुकीची नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. हा मेसेज ती गोष्ट हॅक्सॉ ब्लेडने अंगणात करायला सांगतोय, आणि तो मामांसारख्या माणसांपर्यंत पोचतोय, ज्यांनी आयुष्यात परवान्याचं नूतनीकरण एकदाही चुकवलेलं नाही. मामा, तोंडाशी गंज दिसत असेल तर नळीला हात लावू नका. काडतुसं घरी कुलपात ठेवा, परवाना खिशात घ्या आणि बंदूक शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्याच दुकानात न्या.