कोल्ड रूमच्या पत्र्यांवरील रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एका ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला, माल बाहेर काढून ठेवावा लागला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

तुम्ही लिहिलंय की कोल्ड रूमच्या भिंतींना आमचे 'जंतुरोधक' पत्रे लावले, काही आठवड्यांतच काळी बुरशी धरली, आणि "नॅनो-बिनो काही नसतं, वरून केमिकलचा हात मारलेला असतो, तो धुऊन गेला." बुरशी दिसल्यावर राग येणारच. पण ते केमिकलचं वाक्य मनाला लागलं. ते वाचून एका गिऱ्हाईकाने ठरलेली ऑर्डर थांबवली आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आमच्या पत्र्यावर कसलाही लेप नाही. चांदी नाही, तांबं नाही, औषध तर नाहीच. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा शुद्ध पाण्यात, उकळीच्या जवळच्या तापमानाला ठेवला की त्याच्याच पृष्ठभागावर ऑक्साइडची उभी पाती उगवतात. त्यांची जाडी काही दहा नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो आणि जीवाणू १,००० च्या आसपास. असा जीवाणू त्या पात्यांवर टेकला की त्याचं आवरण मधल्या फटींवर ताणलं जातं आणि फाटतं. धुऊन जायला तिथे काही लावलेलंच नाही.

हे मी पदरचं सांगत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये सिकाडा या किड्याच्या पंखावर हे दाखवलं. त्यावर सुमारे २०० नॅनोमीटर उंचीचे खांब असतात आणि स्यूडोमोनास जातीचे जीवाणू त्यांच्यावर काही मिनिटांत मरतात. मारतंय ते रसायन की आकार, हे बघायला त्यांनी पंखावर सोन्याचा १० नॅनोमीटरचा थर दिला. रसायन झाकलं गेलं, तरी जीवाणू मेलेच. पुढच्या वर्षी चतुराच्या पंखावर आणि काळ्या सिलिकॉनवरही (चिपमध्ये वापरतात त्या सिलिकॉनचा, बारीक सुया कोरलेला पृष्ठभाग) तेच दिसलं. आम्ही छोटे लोक, शोध आमचा नाही. पण म्हणून थोतांड?

आता बुरशी. बुरशीचे बीजाणू जीवाणूपेक्षा मोठे आणि जाड भिंतीचे, ते असे सहज फाटत नाहीत. म्हणूनच आमच्या पत्रकात 'बुरशी मरते' असं कुठेही नाही, 'बुरशीला थारा मिळत नाही' एवढंच आहे. बीजाणू पात्यांच्या टोकांवरच टेकतो, त्यामुळे ओल्या फडक्याने निघून येतो. शिवाय धातूत बुरशीला खायला काही नसतं. ती जगते पत्र्यावर बसलेल्या तुपाच्या, दुधाच्या ओशटपणावर. तो साचू दिला की पात्यांमधल्या फटी बुजतात आणि मग आमचा पत्रा आणि साधा पत्रा यांत काही फरक उरत नाही. मऊ फडकं आणि सौम्य साबण, एवढंच त्याला लागतं.

आणि तुमच्याकडे काय झालं? तुम्ही टाकलेला पहिला फोटो मोठा करून बघा. पत्र्यावर गोल गोल ओरखडे आहेत आणि तेवढीच जागा आरशासारखी चमकतेय. आमचा पत्रा चमकत नाही साहेब, तो मंद दिसतो. चमक आली म्हणजे पाती गेली. तुमच्याच माणसाने आम्हाला फोनवर सांगितलं की रोज तारेच्या घासणीने आणि कॉस्टिक सोड्याच्या क्लीनरने 'चांगलं खसाखसा' धुतो. कॉस्टिक तर अ‍ॅल्युमिनियमच खातं, पाती कुठली राहणार! सुरीने दगड फोडायचा आणि मग ती कापत नाही म्हणायचं, तसं झालं हे. दुसऱ्या फोटोतली बुरशी पत्र्यावर नाहीच, ती सांधे बुजवायच्या रबरी सिलिकॉन सीलंटमध्ये आहे. ते सीलंट आमचं नाही, तुमच्या फिटरने भरलं.

हे तुम्हाला कमीपणा आणायला लिहीत नाही. घासल्याशिवाय स्वच्छ वाटत नाही, हे आम्हालाही कळतं. सफाईच्या सूचना पत्र्यासोबतच्या कागदावर होत्या. त्या जास्त ठळक कशा करता येतील ते बघतो आहोत, फिटर लोकांनाही यापुढे सांगून ठेवू. साध्या पत्र्यापेक्षा आमचा महाग आहे हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्यावर वाद नाही.

फक्त एक विनंती. रॅकच्या मागे, जिथे घासणी पोचली नसेल, तिथल्या पत्र्याचा एक फोटो याच रिव्ह्यूखाली टाका. तिथेही पत्र्यावर बुरशी असेल तर तो तुकडा आमच्या खर्चाने काढून नेऊ, तपासू आणि नवीन बसवून देऊ. नसेल तर ताऱ्यांचा पुन्हा विचार करावा.

आपला,
मालक