अहो, जरा बाजूला सरका ना!

व्हिएन्नाचा राटहाउससमोरचा, म्हणजे नगरभवनासमोरचा, ख्रिसमस बाजार. चार वाजून गेले की अंधार, दिवे लागले की शंभर मोबाईल वर! अहो, वाटेच्या मधोमध काय थांबता? मागे बाबागाडी आहे, लोकांच्या हातात वाफाळता पुन्श, म्हणजे गरम मसालेदार पेय, आहे, दिसत नाही? शेवटी सांडलाच माझ्या हातमोज्यावर. दालचिनी-लवंगेचा चिकट लाल डाग, आणि धक्का देणाऱ्याने मानसुद्धा वळवली नाही! इथल्याच स्पिटेलबर्ग भागातल्या बाजाराच्या अरुंद गल्ल्यांत तर पाऊल टाकायला जागा नाही. 1298 पासून डिसेंबरात बाजार भरवायचा हक्क मिळालेलं हे शहर. भाजलेल्या चेस्टनटचा वास घ्या, काचेचे गोळे डोळ्यांनी बघा की! आणि पुन्शचा रिकामा मग परत करून त्याची अनामत घ्यायची रांग? तिथेही पुढचा सेल्फीच काढतोय. किती वेळ, हो?