साहेब, फोटो कोणत्या योजनेचा?

खेड्यात एखादा माणूस भिंतीसमोर मोबाईल धरून उभा राहिला, तर तो हौसेनं उभा आहे यावर आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणीही विश्वास ठेवत नाही. का ठेवावा? २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या पिकाचा फोटो स्वतः काढून ई-पीक पाहणीत टाकतो आहे. घरकुलाचा हप्ता हवा तर बांधकामाचा फोटो. संडास बांधला तर संडासाचा फोटो. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरीसुद्धा आता फोटोवर. म्हणजे मोबाईल वर झाला की एक तर काही मिळणार, नाही तर काही जाणार. तिसरी शक्यता गावाच्या अनुभवात नाही.

ती तिसरी शक्यता म्हणजे मी. मी पाट्यांचे फोटो काढतो.

पोटापाण्यासाठी जनावरांची औषधं विकतो. जंताच्या गोळ्या, गोचिडावरचं औषध, खनिज मिश्रण असं सगळं बॅगेत भरून दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी असा मोटारसायकलवर हिंडतो. या धंद्यात विकण्यापेक्षा थांबणंच जास्त. जनावरांचे डॉक्टर नेहमी ‘आत्ताच’ कोणाच्या तरी म्हशीकडे गेलेले असतात. रिकामा बसलेला माणूस भिंती वाचतो. मीही वाचत गेलो आणि एका पिठाच्या गिरणीपाशी पहिल्यांदा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. पाटी होती: ‘येथे दळण दळून मिळेल. वीज आल्यावर.’ त्यातलं ‘वीज आल्यावर’ वेगळ्या रंगात, वेगळ्या हातानं, नंतर लिहिलेलं. वरच्या ओळीत धंदा होता, खालच्या ओळीत अनुभव.

मग सुटलोच. आठवडी बाजारातल्या न्हाव्याच्या खोक्यावर: ‘राजकारणावर बोलू नये. मालकाच्या हातात वस्तरा आहे.’ रस्त्याकडेच्या धुऱ्यावर बाभळीला ठोकलेला पत्रा: ‘हरभऱ्यावर विषारी औषध मारले आहे. उपटू नये.’ आणि त्याखाली कोळशानं, घाईघाईत: ‘खाल्ला. गोड आहे.’ शेतकऱ्यानं ते पुसलं नव्हतं. त्यालाही बहुतेक तो अभिप्राय आवडला असावा.

मैलाचे दगडही सोडत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं, राज्य महामार्गाचं हिरवं आणि खेड्यात शिरणाऱ्या ग्रामसडकेचं नारिंगी. आमच्या एका रस्त्यावर डांबराचे थर चढत चढत दगड अर्धा गाडला गेला आहे. ‘दारव्हा’ वाचता येतं, किलोमीटरचा आकडा जमिनीत गेला. दारव्हा आहे एवढं नक्की, किती दूर आहे ते ज्यानं त्यानं पाहून घ्यावं.

माझी सगळ्यात लाडकी भिंत मात्र दिग्रसकडे जाताना लागते. तिथं रंगाचे पोपडे उडाल्यामुळे खालची जाहिरात वर डोकावते आणि वरची मध्येच संपते. सगळ्यात खाली कुटुंब नियोजनाचा उलटा लाल त्रिकोण. त्यावर कोणत्या तरी खताची जाहिरात. त्यावर पडलेला उमेदवार. आता उमेदवार बराचसा झडला, खत अर्धं झडलं, आणि एकूण मजकूर असा उरला आहे की लाल त्रिकोणाच्या शेजारी ठसठशीत अक्षरांत लिहिलंय: ‘भरघोस उत्पादनाची हमी’.

अशी भिंत टिपायची तर सकाळी सातच्या आत गाठावी लागते. तिरप्या उन्हात प्रत्येक पोपड्याची सावली पडते, ब्रश कुठे टेकला, कुठे उचलला, सगळं दिसतं. दुपारी ऑइलपेंट चकाकतो आणि अक्षरांच्या जागी नुसतं पांढरं ऊन येतं. पाटी वाकडी येऊ नये म्हणून अगदी समोर उभं राहायचं, वाटल्यास चार पावलं मागे सरून थोडं झूम करायचं. चार पावलं मागे बहुधा नाली असते. मे महिन्यात तर आणखी एक गंमत. पारा पंचेचाळीसला टेकला की मोबाईलच पडद्यावर पाटी लावतो: थंड होऊ द्या, मग वापरा. इतकी प्रामाणिक सूचना मी जिल्ह्यात दुसरीकडे पाहिलेली नाही. तिचा फोटो काढता येत नाही एवढंच दुःख. मी मोबाईल ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून रसवंतीवाल्याच्या माठाशेजारी ठेवतो. तो आता काही विचारत नाही, फक्त दोन ग्लास भरतो.

पाट्या रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरशी माझी ओळख झाली ती भांडणातून. त्याच्या एका पाटीवर सुरुवातीची अक्षरं वीतभर रुंद आणि शेवटची एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. मी हसलो, ते त्यानं पाहिलं.

“हासता काऊन जी? पैसे अर्ध्या भिताडाचे अन् मजकूर सबन भिताडाचा. मंग अक्षरं काय हवेत टांगू?”

मग त्यानं पूर्ण रीत सांगितली. सुतळी रंगात बुडवायची, दोन टोकं दोघांनी ताणून धरायची, मधून ओढून सोडायची की भिंतीवर सरळ रेघ उमटते. त्या रेघेला अक्षरं टांगायची. आधी खडूनं पुसट लिहून घ्यायचं, नंतर रंग, शेवटी सावली. सावली कोणत्या बाजूला द्यायची ते गिऱ्हाईक कधी विचारत नाही, पण पेंटर ती आयुष्यभर एकाच बाजूला देतो. आता फ्लेक्स आल्यापासून त्याच्याकडे शाळा, देवळं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तेवढ्या उरल्यात. फ्लेक्सबद्दल त्याचं मत छापण्यासारखं नाही. माझंही साधारण तेच आहे. फ्लेक्सवर वाढदिवसाच्या भाऊंचा गोरा केलेला चेहरा असतो, खाली शुभेच्छुकांचे टिकलीएवढे चेहरे असतात, आणि अक्षर एकाही माणसाच्या हातचं नसतं. तरी एक मान्य करतो. पावसाळ्यात हाच फ्लेक्स गोठ्यावर चढतो, आणि भावी आमदार हात जोडून बैलांवर छत्र धरतात तेव्हा मी थांबून फोटो काढतो.

सरकारी फलकांची जात निराळी. कामाचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, सुरू झाल्याची तारीख, पूर्ण झाल्याची तारीख. ही शेवटची जागा रिकामी ठेवण्याची पद्धत आहे. एका नाल्याकाठी बंधाऱ्याचा असा फलक आहे, सिमेंटचा, जाड, चार पावसाळे खाऊनही जसाच्या तसा. बंधारा मी बराच वेळ शोधला. गुराखी म्हणाला, “हाच तं हाय. याले टेकून बसतो ना आमी.”

शकुंतलेच्या रुळांशेजारच्या पाट्या पाहिल्या की मात्र हसू थोडं अडतं. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी ही नॅरोगेज इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला घातली. गाडी बंद पडली, पाट्या राहिल्या. पिवळ्यावर काळी अक्षरं, खांबांना वेल. जवळच्याच एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत आगगाडीसारखी रंगवली आहे. इंजिन मुख्याध्यापकांच्या खोलीवर, वर्गांचे डबे, खिडक्यांतून पोरं बाहेर डोकावतात. त्या पोरांनी खरी गाडी पाहिलेली नसावी, पण पाढ्यांचा डबा कोणता हे त्यांना पाठ आहे. तिथला फोटो मी कधी कोणाला विनोद म्हणून दाखवला नाही.

घरात या छंदाची किंमत शून्य. मेहुणीच्या साखरपुड्याचे फोटो दाखवायला मोबाईल पाहुण्यांत फिरला, आणि मोठ्या काकूंनी बोट एकदा जास्त सरकवलं. अंगठी घालणाऱ्या नवरदेवानंतर एकदम ‘पुरुष मुतारी, महिलांनी पुढे जावे’. काकूंनी मोबाईल परत देताना माझ्याकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं.

पण खरा प्रसंग ओढवला तो आर्णी रोडवरच्या एका गावात. गावात शिरताच एक भिंत. मुळात तिच्यावर लिहिलेलं असणार: ‘येथे उकिरडा टाकू नये. टाकल्यास दंड करण्यात येईल. हुकुमावरून.’ उकिरडा इतका वाढला होता की खालचा सगळा हुकूम त्यात गाडला गेला होता आणि वर दोनच शब्द उरले होते: ‘येथे उकिरडा’. ढिगावर एक कोंबडा, अगदी मालकासारखा. मी उकिडवा बसलो, चौकट जुळवली, तेवढ्यात मागून आवाज.

“साहेब, फोटो कोणत्या योजनेचा?”

“योजना नाही बाबा. सहज काढतोय.”

“सहज कोनी येते का जी एवढ्या उन्हात?”

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तोवर पाच-सहा जण जमले. एक पोरगा म्हणाला, “रीलवाले हायेत.” दुसरा म्हणाला, “नाई बे, पंचनाम्याचे हायेत. बॅग पाय ना.” बॅग पाहून सगळ्यांची खात्री पटली. बाबांनी माझा दंड धरला आणि घराकडे नेलं. पावसात पडलेली मातीची भिंत, बाहेर त्यांची म्हातारी.

“मागच्या सालीही आले होते फोटो काढाले,” ती म्हणाली. “मंग काई आलं नाई.”

मी काढला फोटो. न काढून काय करता? आणि काढताना दिसलं की भिंतीवर मुलीच्या लग्नाचं रंगवलेलं होतं, कळस, नारळ, दोन्हीकडे नावं. मुलीचं नाव उभ्या भिंतीवर शाबूत. जावयाचं नाव खाली मातीत.

“नवरदेव पडला ना जी,” म्हातारी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. “मानूस लय चांगला हाय बाप्पा. भितच कच्ची होती.”

त्यानंतर मला सोयाबीनचा पिवळा पडलेला पाला दाखवण्यात आला, एक वाकलेला विजेचा खांब दाखवण्यात आला, दोघांनी आधार कार्ड पुढे केलं, एकानं सातबारा. मी जनावरांची औषधं विकतो म्हणालो तर एक गाय आणून उभी केली. शेवटी सरपंचबाईंचे यजमान मोटारसायकलवरून आले. गावचा कारभार तेच पाहतात हे त्यांच्या ब्रेक मारण्यावरून कळलं. त्यांनी हळूच विचारलं, “पेपरात देनार काय?” नाही म्हटल्यावर चहा आला. हो म्हटलं असतं तर बहुधा जेवण आलं असतं. निघताना बाबांनी नंबर मागितला. “काई आलं तर कळवा जी,” म्हणाले. दिला.

आता नातवाच्या मोबाईलवरून रोज सकाळी ‘जय गजानन’ येतं. अधूनमधून एखादी पाटीही येते. परवा एका देवळाची आली: ‘कृपया चपला ओळखून घालाव्यात.’ फोटो सरळ, चारही कोपरे चौकटीत, ऊनसुद्धा तिरपं. खाली लिहिलं होतं: ‘साहेब हे पाटी तुमच्या कामाची हाय का पाहा. अन् आमच्या भितीचं काय झालं?’