जुन्या हॉलिवूडवाल्यांनी सगळं उडवलं म्हणे!

तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड आलाय. जुने हॉलिवूड स्टार पोत्याने कमवायचे, टॅक्सबिक्सची कटकट नव्हती, गुंतवणुकीची अक्कल शून्य, सगळं दारू-जुगारात उडवून शेवटी कफल्लक झाले. आपल्याला भगवानदादांचा जुहूचा बंगला आणि नंतरची दादरची चाळ माहितीये, त्यामुळे असलं काही वाचलं की पटकन पटतं. पण एकेक घेऊ.

"पोत्याने कमवायचे." पोती स्टुडिओच्या गोदामात जायची हो. बरेचसे नट सात वर्षांच्या करारावर, आठवड्याला ठरलेला पगार, रोल नाकारला की सस्पेंड आणि पगार बंद, वर ते बसून काढलेले दिवस कराराच्या शेवटी जोडणार, म्हणजे सात वर्षं काही संपायचीच नाहीत. ऑलिव्हिया डी हॅविलंड ही नटी वॉर्नर स्टुडिओच्या विरोधात कोर्टात गेली तेव्हा कुठे १९४४ ला ठरलं की सात म्हणजे कॅलेंडरची सात.

"टॅक्स नव्हता." हे कुठून काढलं देव जाणे. अमेरिकेत १९४४ ला कमाईच्या सगळ्यात वरच्या टप्प्याला ९४ टक्के होता, पन्नासच्या दशकात बराच काळ ९१.

"अक्कल शून्य." इथे मला खरंच हसू आलं. १९५० ला युनिव्हर्सल स्टुडिओला नट जेम्स स्टुअर्टची फी झेपेना, तर त्याचा एजंट ल्यू वॉसरमन म्हणाला फी राहू दे, नफ्यात वाटा द्या. फीपेक्षा कितीतरी जास्त मिळाले आणि तेही काही वर्षांत विभागून, म्हणजे टॅक्सचा फटकाही कमी. आणि नटी ल्युसिल बॉलचं तर बघाच. टीव्ही चॅनेलला तिची मालिका न्यूयॉर्कमधून लाइव्ह हवी होती, ती आणि नवरा देसी अर्नाझ म्हणाले आम्ही लॉस एंजेलिसमध्येच फिल्मवर शूट करणार, खर्च वाढतोय तर आमचा पगार कापा, पण त्या रिळांची मालकी आमची. पुढे तीच रिळं लाखो डॉलरना विकली आणि १९५७ ला त्यांनी आरकेओचा स्टुडिओ विकत घेतला, जिथे ल्युसिल आधी पगारी नटी होती! विनोदी नट बॉब होपच्या जमिनी, गायक-नट बिंग क्रॉस्बीसोबतच्या टेक्सासमधल्या तेलविहिरी, ते तर अजून सांगितलंच नाही.

"उडवून कफल्लक झाले." जॅकी कूगनने काय उडवलं? चॅप्लिनसोबत पडद्यावर आला तेव्हा पोर होतं ते. लाखो डॉलर कमावले, आई आणि सावत्र बापाने संपवले, कायद्याने मुलाची कमाई आईबापाची. १९३८ ला केस केली, हातात जेमतेम १ लाख २६ हजार डॉलर आले, मग १९३९ ला कॅलिफोर्नियात बालकलाकारांसाठी कायदा झाला. गायिका-नटी डोरिस डेचा नवरा १९६८ ला वारला तेव्हा तिला कळलं की पैसे गेलेत, वर कर्ज आहे. त्यांच्या वकिलाचे उद्योग. १९७४ ला कोर्टाने त्याला २ कोटी २० लाखांहून जास्त डॉलर भरायला लावले, प्रत्यक्षात मिळाले बरेच कमी.

नट मिकी रूनीने शर्यतीच्या घोड्यांवर पैसे लावले, १९६२ ला दिवाळं काढलं, हे मान्य, तिथे फॉरवर्डवाल्याला अर्धा मार्क. अर्धाच, कारण १९६० च्या नटांच्या संपानंतर तडजोड अशी झाली की त्यांना पेन्शन आणि आरोग्य फंड मिळाला, पण त्याआधीच्या सिनेमांचे टीव्हीचे पैसे सोडून द्यायचे. म्हणजे रूनीचे गाजलेले सिनेमे घरोघरी टीव्हीवर लागत राहिले आणि त्याला त्यातला छदामही नाही.